मी त्याचं नाव विचारलं नाही

त्याचं डोकं माझ्या हलव्यावर होतं.

आधी ते साखरेच्या पोत्यावर होतं. घाटाच्या वळणावर ट्रकने गचका दिला आणि ते घरंगळत माझ्या गाठोड्यावर येऊन विसावलं. गाठोड्यात अंबरो आत्यासाठी घेतलेला हलवा होता – बेर्बेराचा, सकाळीच कढईतून उतरवलेला, तुपाने ओथंबलेला. आणि वर हा लांबलचक तरुण! तोंड किंचित उघडं, पापण्यांवर धूळ, आणि चेहऱ्यावर असं समाधान की स्वतःच्या घरी खाटेवर पडलाय असं वाटावं.

तुम्हा आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा उन्हाळ्यात एडनसमोरच्या किनाऱ्यावरचं आमचं बेर्बेरा बंदर ओस पडायचं. वाळू उडवणारा तो गरम वारा सुटला की ज्याचं कुणी वर डोंगरात, शेखला, असेल तो ट्रकमधल्या पोत्यांवर चढून बसायचा. पंखे नव्हते, बर्फ नव्हता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे साखर आणि तांदूळ. स्वातंत्र्य नुकतंच अंगवळणी पडत होतं, रेडिओवर रोज नवं गाणं लागायचं, आणि मी एकोणीस वर्षांची होते. काय दिवस होते ते! धूळसुद्धा गोड लागायची.

“ए!” मी म्हटलं. काही नाही. गाठोडं ओढलं, तर डोकंही त्याच्याबरोबर आलं. मग मात्र माझा पारा चढला.

“ए हुर्दो! ऊठ!”

आमच्या भाषेत हुर्दो म्हणजे झोप. अख्खा ट्रक हसला. तो डोळे चोळत उठला, माझ्याकडे बघितलं, मग चपट्या झालेल्या गाठोड्याकडे बघितलं.

“हे… मी केलं?”

“नाही, त्यांनी केलं,” मी घाटाच्या कठड्यावर रांगेने बसलेल्या माकडांकडे बोट दाखवलं.

“माफ कर. रात्रभर जागा होतो गं. बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. बोकड कापला, माणसं जमली, आणि नावावरून जे जुंपलं ते पार उजाडेपर्यंत.”

“मग? काय ठेवलं?” राग होताच, पण बारशाची बातमी कोण सोडतं!

“गेद्दी. वाटसरू. बहीण माहेरी येत होती, उंटावरून खाली उतरवतात न उतरवतात तोच हा वाटेतच हजर. तिची सासू म्हणत होती, एखादं चांगलं अरबी नाव ठेवा. पण पोराने स्वतःच ठरवलेलं, त्याला कोण काय करणार?” मग जांभई आवरत म्हणाला, “आणि तुझं नाव?”

सांगायला नको होतं. सांगितलं.

“एब्ला.”

“एब्ला…” त्याने ते जरा घोळवलं. “जिच्यात काही खोट नाही ती.” मग माझ्या कमरेवरच्या हाताकडे आणि वर चढलेल्या भुवयांकडे बघितलं. “बाप लोक नावं ठेवताना जरा घाईच करतात, नाही?”

पुन्हा ट्रक हसला. मी फणकाऱ्याने तोंड फिरवलं. ओढणीच्या आड मलाही हसू आवरत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तो शेखच्या शाळेत नवा मास्तर म्हणून चालला होता. पण मास्तर पोचायच्या आधी हुर्दो पोचला. ट्रकमधून उतरलेल्या माणसांनी ते नाव बाजारात नेलं, बाजारातून ते शाळेत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला. आमच्याकडे हे असंच. बापाने ठेवलेलं नाव मशिदीत आणि शाळेत. गल्लीने ठेवलेलं नाव जन्मभर. दात पुढे असतील तर दात, कान मोठे असतील तर कान, पाय ओढत चालत असाल तर तेही. कुणी रागावत नाही. रागावलं तर अजून घट्ट चिकटतं.

आणि नावं चिकटवण्यात माझा हात धरणारं अख्ख्या बेर्बेरात कुणी नव्हतं. बंदरावरच्या सावकाराचा मुलगा, त्यांची जहाजं एडनला जायची, तो हसला की आधी दात दिसायचे आणि मग तो. त्याला ‘इल्को’, म्हणजे दात, हे नाव मीच दिलेलं. त्याचं मूळ नाव काय, हे मी तर सोडाच, त्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सांगता आलं नसतं. त्याच्या घरचे माझ्यासाठी विचारायला येणार अशी कुजबुज होती. मी ती ऐकली की कानावर हात ठेवायचे.

शेखला अंबरो आत्याच्या ओसरीवर सकाळी लहोह मिळायची. तव्यावरची जाळीदार, गरम लहोह, तिच्यावर तूप आणि साखर, सोबत वेलदोड्याचा चहा. डोंगरावरून धुकं उतरून अंगणात यायचं, शेळ्यांच्या पाठी ओल्या व्हायच्या, माझ्या केसांवर थेंब बसायचे. आणि त्या धुक्यातून लांब लांब टांगा टाकत हुर्दो यायचा. शाळेत जेवण मिळत असूनही यायचा.

“शाळेत लहोह करत नाहीत का?” पहिल्याच दिवशी मी विचारलं.

“करतात. पण तिथे कुणी ओरडत नाही. मला जाग येत नाही.”

नावं हा आमचा खेळ झाला. समोरून कुणी गेलं की त्याने विचारायचं आणि मी सांगायचं, किंवा उलट. आत्याकडे नेमाने येणारा गेल्ले – उंटांचा धनी – त्याच्याकडे एक शेळीही नव्हती. रोब्ले पावसात जन्मला होता, म्हणून तो ओसरी चढला की आत्या आधी आभाळाकडे बघून वाळत घातलेलं कातडं आत घ्यायची. होदन म्हणजे भरभराट. ती बिचारी उसनं पीठ मागायला यायची.

“आणि तो हिरसी?” एकदा त्याने विचारलं. समोरून एक धिप्पाड माणूस चालला होता.

“ताईत. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली. म्हणून आईने पोरालाच ताईत म्हटलं. म्हणजे त्याला वेगळा ताईत बांधायला नको.”

तो कपातला चहा नुसताच हलवत राहिला.

“तुला काय वाटतं गं,” थोड्या वेळाने म्हणाला, “नाव माणसाला ओढतं? म्हणजे… जे नाव ठेवलं, तसंच होतं त्याचं?”

“गेल्लेकडे बघ आणि सांग.”

“नाही, खरंच विचारतोय.”

“मग माझ्याकडे बघ. माझ्यात खोट आहे का?”

“बघतोय ना,” तो म्हणाला. “रोज येऊन बघतोय. अजून सापडली नाही. उद्या परत येतो.”

माझी लहोह तव्यावर करपली. आत्या आतून ओरडली, “एब्ला! कुठे लक्ष आहे तुझं?” कुठे असणार!

आता तुम्ही विचाराल, इतक्या गप्पा मारल्या, मग त्याचं खरं नाव काय होतं? तेच तर सांगायचंय. मी विचारलं नाही.

आमच्याकडे मुलीने मुलाचं नाव विचारलं की ते एका नावावर थांबत नाही. त्याच्यामागे बापाचं येतं, मग आजोबाचं, मग त्याच्या बापाचं; माळ ओढावी तशी पिढीमागून पिढी येते. आणि एवढी माळ मुलगी कशासाठी ओढते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी विचारलं असतं तर मी हरले असते. आणि मला हरायची सवय नव्हती.

त्याला हे कळायचं. मुद्दाम छळायचा.

“विचार ना.”

“काय?”

“माझं नाव.”

“मला काय करायचंय? मी दिलंय की एक. चांगलं चाललंय तुझं.”

“उद्या पोरं झाली तर त्यांच्यामागे काय लावणार? हिरसी हुर्दो?”

“ज्या बाईची पोरं तिने बघावं!” मी म्हटलं आणि चुलीतला धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून आत पळाले. मला कळत होतं, माझे गाल सांगायचं ते सांगून गेलेत. लग्नाने माझ्या नावाला धक्का लागणार नव्हता; मी मरेपर्यंत एब्ला दीरियेच राहणार होते, दीरियेची लेक. पण पोरांच्या मागे बापाचं नाव लागणार, आणि ते नाव मीच एका ट्रकमध्ये ओरडून दिलेलं… रात्री अंथरुणात हसू यायचं मला.

आत्याला विचारता आलं असतं. पण आत्याला विचारणं म्हणजे बेर्बेराच्या बाजारात दवंडी पिटणं.

असा तो उन्हाळा गेला. वर्षभर वाट पाहावी आणि मुठीतून वाळू सुटावी तसा. खाली वारा पडल्याची बातमी आली, माणसं गाठोडी बांधायला लागली. मी ट्रकवर चढले तेव्हा तो चाकाशी येऊन उभा राहिला. या खेपेला मात्र टक्क जागा होता.

“माझी माणसं बुराओला आहेत,” तो हळूच म्हणाला. “शाळेची परीक्षा झाली की… म्हणजे महिना-दीड महिना… त्यांना तुझ्या वडिलांकडे पाठवतो. तू नुसतं ‘हो’ म्हण. तुला एक शब्द बोलायला जमेल ना? एरवी इतकं बोलतेस.”

“बघू,” मी म्हटलं.

“आता तरी विचार.”

“तुझी माणसं येतील तेव्हा कळेलच की!”

ट्रक सुटला. तो धुळीत हसत उभा होता. मीही हसत होते. इतकी शहाणी होते मी!

बेर्बेराला आले आणि आठवडाही झाला नसेल, बाबा संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आले. आई मी लहान असतानाच गेली होती. बाबा बंदरावर कारकुनी करायचे आणि घरी माझ्याशी आईसारखं हळू बोलायचे. आजही चेहरा तसाच मवाळ होता.

“एब्ला, माणसं आली होती. तुझ्यासाठी.”

मी उठून उभी राहिले. पण इतक्यात? तो तर महिना-दीड महिना म्हणाला होता.

“चांगली माणसं आहेत. मुलाच्या मामाची एडनला जहाजं जातात. मुलाचं नाव दलमर –”

दलमर. देशोदेश पालथे घालणारा. मला पुढचं ऐकायचीच गरज उरली नाही. मी एब्ला, नावांतली पंडित! एडनची जहाजं, आणि मुलाचं नाव दलमर. असं नाव जहाजवाल्याच्या घरीच ठेवणार. इल्को! दुसरं कोण? शेखच्या मास्तरचं, माझ्या त्या झोपाळूचं नाव दलमर असेल हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं.

“नको,” मी म्हटलं.

“अगं, पुढचं तर ऐक. मुलगा –”

“नको, बाबा! काही सांगू नका. दलमर नको मला. नको म्हणजे नको.” मी खरंच दोन्ही कानांवर हात ठेवले.

बाबांनी जबरदस्ती केली असती तर चाललं असतं, तसे बाप होतेच की आजूबाजूला. पण ते म्हणाले, “बरं. सांगतो त्यांना,” आणि गेले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना चहा देऊन, मान देऊन नकार दिला. मी पडद्याआडून बघितलंसुद्धा नाही. उलट त्या रात्री मी छान झोपले.

मग मी वाट पाहायला लागले. महिना झाला. वारा फिरला, समुद्र निळा झाला, एडनच्या बाजूने शिडाची जहाजं येऊन किनाऱ्याला लागली, बाजारात खजूर आला. हुर्दोची माणसं काही येईनात. रोज धूप जाळून केसांना द्यायचे, रोज चांगली ओढणी घ्यायचे, आणि दारात पाऊल वाजलं की उठायचे. दूधवालीच असायची ती.

शेवटी आली ती अंबरो आत्या. न कळवता, ट्रकमधून धुळीने माखून, आणि दारातूनच ओरडत.

“कुठे आहे ती महाराणी? त्या सोन्यासारख्या पोराला नाही म्हणालीस? माझ्या ओसरीवर बसून माझं तूप संपवलं दोघांनी, आणि मग नाही?”

“कुणाला नाही म्हणाले?”

“कुणाला म्हणजे? हुर्दोला!”

“आत्या, हुर्दोची माणसं आलीच नाहीत अजून.”

आत्याने गाठोडं खाली ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं की आता ही पोरगी डोक्यावर पडली का काय. “त्याचा काका समतर स्वतः आला होता बुराओहून. दलमरसाठी. तुझ्या बापाने नकार दिला त्याला.”

मी भिंतीला टेकले.

“तो… दलमर आहे?”

“नाही तर काय? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्याला, पार पाच पिढ्या मागे जाऊन. माझी लहोह काय कुणालाही वाढते मी?”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू कधी विचारलंस?”

आत्याने मला जवळ घेतलं, आणि मग उरलेलं सांगितलं. माझ्याशिवाय त्याचा जीव रमेना म्हणून त्याने काकाला लवकर पाठवलं. नकार आला तसा त्याने मास्तरकी सोडली. आता मामाच्या जहाजावरून एडनला चाललाय, तिथून पुढे जिथे नेतील तिथे, आणि काका त्याला निरोप द्यायला बेर्बेराला आलाय. जहाज बेर्बेराच्या किनाऱ्यावरच उभं होतं, माल भरून झाला की सुटणार. मी रोज धूप घेत होते आणि तो माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

मी आधी बाबांकडे गेले. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. मान खाली घालून म्हटलं, “बाबा, मी माणसाला नाही म्हणाले नव्हते. नावाला नाही म्हणाले.”

त्यांनी सगळं ऐकलं. मग चष्मा काढून पुसायला लागले; हसू लपवायचं असलं की ते हेच करायचे. “एब्ला, तुझ्या स्वतःच्या वीस पिढ्या तुला पाठ आहेत. लहानपणी मीच घोकून घेतल्या. आणि ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलंस त्याचं एक नाव माहीत नाही?”

“बाबा, तो जाईल…” मी त्यांची बाही धरली.

त्यांचं हसू गेलं. “बेटा, मी नकार दिलाय तो समतरला, चार वडीलधाऱ्यांसमोर. दिलेला नकार मी कसा मागे घेऊ? आणि त्यांनी पुन्हा का यावं? एकदा अपमान पुरे नाही का झाला?”

“पण तुम्ही त्यांना चहाला तर बोलावू शकता.”

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “चहाला,” ते म्हणाले, “मी कुणालाही बोलावू शकतो.”

बाबा समतरकाकांना शोधायला गेले, आणि मी आत्याला घेऊन किनाऱ्यावर. तिथे मेंढ्यांचा नुसता कालवा. तुपाचे बुधले, कातड्यांचे गठ्ठे, हमालांची आरडाओरड, आणि त्या सगळ्यात एका गठ्ठ्यावर तो बसलेला. लुंगी, मळका सदरा. वाळला होता. झोपलेला नव्हता.

आत्या शहाणी, ती मेंढ्यांचा भाव विचारायला निघून गेली.

“आलीस?” तो म्हणाला. उठलासुद्धा नाही. “एक शब्द सांगितला होता तुला. एकच. तोही उलटा बोललीस.”

“मला वाटलं, तो इल्को आहे.”

“काय?”

“दलमर म्हणजे इल्को असं वाटलं मला. जहाजं… एडन… आणि नाव दलमर. तुझं नाव दलमर असेल असं मला… तू दलमर दिसत नाहीस!” आणि मी रडायला लागले. भर किनाऱ्यावर, हमालांसमोर. “मला तू हवा आहेस. पहिल्या दिवसापासून. हलवा चपटा केलास त्या दिवसापासून. मी विचारलं नाही कारण मला हरायचं नव्हतं. आता हरले. झालं समाधान?”

तो उभा राहिला. हात पुढे केला, मग लोक बघतायत हे आठवून मागे घेतला. त्याचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. दोन्ही एकदम करताना माणूस किती वेडा दिसतो!

“पण आता काय उपयोग, एब्ला?” तो हलकेच म्हणाला. “काकांनी शपथ घेतलीय. तुझ्या बापाच्या दारात दलमरसाठी पुन्हा तोंड उघडणार नाही म्हणून. ते मोडायचे नाहीत. मी त्यांच्याच हाताखाली वाढलोय, त्यांना ओलांडून मलाही काही करता येणार नाही.”

समतरकाका आले. चहाला नाही म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. उंच, पांढरी दाढी, हातात काठी, पाठ ताठ. अंगणात चटईवर बाबांसमोर बसले. तो मागे, दाराशी उभा. हवापाणी झालं, मेंढ्यांचे भाव झाले, बुराओच्या पावसाची चौकशी झाली. ज्यासाठी सगळे बसले होते ते कुणी बोलेना. बाबा बोलू शकत नव्हते, काका बोलणार नव्हते. मी चहा घेऊन गेले. तबक ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. मुलीने असं उभं राहायचं नसतं.

“काका,” मी म्हटलं. “तुम्ही दलमरसाठी आला होतात. त्याला मी नाही म्हणाले. खरं आहे.”

काकांनी कप अर्ध्यावर थांबवला. बाबांनी डोळे मिटले.

“पण हुर्दोसाठी अजून कुणीच विचारलेलं नाही. हुर्दोला मी नाही म्हटलेलं नाही.”

“हुर्दो कोण?” काका म्हणाले.

दाराशी उभ्या असलेल्या माणसाने खोकल्यासारखं केलं. आत्या पडद्याआडून ओरडली, “अहो, तुमचाच पुतण्या! अख्खं शेख त्याला हुर्दो म्हणतं. दलमर म्हटलं तर कुत्रंसुद्धा मान वर करत नाही!”

काकांनी मागे वळून पुतण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बराच वेळ कपाकडे. त्यांची दाढी हलायला लागली तेव्हा मला आधी वाटलं, रागाने हलतेय.

“दीरिये,” शेवटी ते बाबांना म्हणाले, आणि आवाज एकदम पंचायतीतला झाला. “दलमरचा विषय संपला. तो तुमच्या घराने नाकारला, आणि मी त्याचं नाव या दारात घेणार नाही. पण आमच्याकडे आणखी एक मुलगा आहे. हुर्दो म्हणतात त्याला. झोपाळू आहे, तरी मनाने चांगला. त्याच्यासाठी मी तुमची मुलगी मागतो. ही नवी मागणी.”

“हुर्दोसाठी,” बाबा गंभीरपणे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले, “आमची काही हरकत नाही.”

“एक अट.” काठी जमिनीवर आपटली. “आजपासून या उंबऱ्यात तो हुर्दोच. दलमर म्हणून त्याला इथे कुणी हाक मारली तर माझा अपमान परत आला असं मी समजेन. पोरांच्या मागेही हुर्दोच लागेल.”

“मंजूर,” बाबा म्हणाले.

हात मिळवले, दुवा मागितली, आणि पुरुष बोलत बसले. मी दाराशी गेले. तो बाहेर उन्हात भिंतीला टेकून उभा होता. माझं मन मात्र खात होतं. एवढ्या बोलण्यात कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

“तुझं नाव गेलं,” मी म्हटलं. “बापाने ठेवलेलं. माझ्यामुळे. तुला… वाईट वाटतंय?”

तो खाली बघत चपलेने वाळू सारत राहिला.

“माझे वडील खलाशी होते,” तो म्हणाला. “मी पोटात असताना समुद्रावर गेले. मुलगा झाला तर दलमर ठेवा, असा निरोप पाठवला कुणाबरोबर तरी. ते परत आलेच नाहीत. आई मला हाक मारायची ना… दलमर म्हणून… तेव्हा माझ्याकडे बघायची नाही. दाराकडे बघायची. आणि शेजारचे म्हणायचे, नावच असलं, हाही एक दिवस जाणार. मी लहान होतो. मला वाटायचं, मला जावंच लागणार.”

आणि मी समजत होते की तो नाव सांगत नाही ते मला छळायला!

“तू त्या ट्रकमध्ये ओरडलीस ना,” तो म्हणाला, “तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्याला कुठेतरी टेकता येईल. म्हणून तर रोज यायचो. तुझ्या तोंडून ते ऐकायला.”

“मग एडनला का निघाला होतास?”

त्याने वर बघितलं.

“तू दलमरला नको म्हणालीस. मग दलमरने दुसरं काय करायचं होतं?”

आयुष्यात मी शेकडो माणसांना नावं दिली, हसण्यासाठी दिली, चिडवायला दिली. त्यातलं एक नाव कुणी असं उराशी धरून ठेवलं असेल हे मला माहीत नव्हतं. मला त्याला सांगायचं होतं की आता कुणी दाराकडे बघणार नाही, मी तुझ्याकडेच बघणार, म्हातारी होईपर्यंत बघणार. पण एरवी इतकं बोलणाऱ्या मला तेव्हा एवढंच जमलं.

“हुर्दो,” मी म्हटलं, “आत ये. चहा निवतोय.”

तो वाकून उंबऱ्याच्या आत आला. मामाचं जहाज दुपारच्या वाऱ्याबरोबर सुटलं, आणि आम्ही ते बघायलाही गेलो नाही.